पैसा मोजून मिळणारा रहिवास



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. वसंतातल्या या व्याख्यानांत इतिहासावर बोलावयाचे म्हणजे एखादी लढाई, एखादा तह, फार तर एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र, अशी आपली सवय. परक्या देशात भांडवल घालून तेथे राहण्याचा परवाना मिळविणे हा विषय वकिलाचा किंवा दलालाचा. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात काय म्हणून पडावे? मीही दोन वर्षांपूर्वी असेच म्हटले असते. पण एका स्नेह्यांनी मला एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी पार मुंबई बेटावर जाऊन पोहोचलो. ते उत्तर आज आपणापुढे ठेवतो.

हे स्नेही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. मुलगा अमेरिकेत नोकरीला. गेली कित्येक वर्षे तो ग्रीनकार्डाच्या, म्हणजे कायमच्या रहिवासाच्या परवान्याच्या रांगेत उभा आहे. नोकरीच्या मार्गाने जे परवाने द्यावयाचे त्यांतील शेकडा सातांहून अधिक कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणपणे मिळू नयेत असा तिकडचा कायदा. त्यामुळे लहानशा देशाचा माणूस दोनचार वर्षांत सुटतो आणि आपला मनुष्य दशकेच्या दशके तिष्ठतो. नात तीन वर्षांची असताना तिकडे गेली. आता तिला एकोणीस पुरी झाली. एकवीस पुरी झाली की कायद्याच्या दृष्टीने ती 'मूल' राहत नाही आणि बापाच्या अर्जातून गळते. जिला मराठीपेक्षा इंग्रजी अधिक येते, जिची शाळा, मैत्रिणी, सगळे तिकडे, तिने मग परकी विद्यार्थिनी म्हणून नवा परवाना मागावयाचा किंवा देश सोडावयाचा. वकिलाने एक वाट दाखविली. नातीच्या स्वतःच्या नावाने आठ लाख डॉलर, म्हणजे सुमारे सात कोटी रुपये, अमेरिकेतल्या एखाद्या मान्य उद्योगात गुंतवावे. आमचे स्नेही गावाकडची वडिलोपार्जित जमीन विकावयास निघाले. मला म्हणाले, "तुम्ही इतिहासवाले. पैसे मोजून एखाद्या मुलखात राहू देतात, असे पूर्वी कधी होते काय? आणि होते असेल तर त्यात लाज वाटण्यासारखे काही आहे काय?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. होते, आणि फार लांब जावयास नको.

मुंबई बेट इंग्रजांना मिळाले ते १६६१ सालच्या विवाहाच्या तहाने, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. १६६८ साली राजाने ते दरसाल दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले, हेही आपण वाचलेले असते. त्या भाड्यावरून आपण हसतो. पण कंपनीला पहिल्या वर्षांत तो सौदा हसण्यासारखा वाटत नव्हता. दलदल, रोगट हवा, माशांचे खत घातलेली नारळीची आगरे. दोन पावसाळे काढले म्हणजे माणसाचे आयुष्य झाले, अशी त्या काळच्या गोऱ्यांत म्हणच होती. बंदर उत्तम, पण बंदरात माल आणणारा व्यापारी नाही. व्यापारी होता सुरतेला. आणि सुरतेच्या व्यापाऱ्याला घर बदलावयाची गरज वाटू लागली ती शिवाजी महाराजांनी १६६४ साली आणि पुन्हा १६७० साली सुरत लुटल्यावर. मुंबईच्या भरभराटीच्या कारणांत हे एक कारण आपण मराठी माणसांनी विसरू नये. आणि त्याचा फार अभिमानही धरू नये, कारण ती भरभराट दुसऱ्याच्या पदरात पडली.

सुरतेचा प्रेसिडेंट आणि मुंबईचा गव्हर्नर जेरल्ड ऑन्जिअर हा दूरदृष्टीचा मनुष्य होता. बेटाची खरी उणीव तोफांची नसून सावकारांची आहे हे त्याने ओळखले. पण सावकार नुसत्या बोलावण्याने येत नाही. सुरतेच्या बनियांच्या महाजनाने १६७१ च्या सुमारास आधी काही हमी मागितल्या, मग येण्याची भाषा केली. आणि १६७७ साली दीवचा एक मातबर व्यापारी नीमा पारख याने तर चक्क कलमवार मसुदाच पुढे केला. आज आपण ज्याला गुंतवणुकीवरचा रहिवास म्हणतो, त्याचा इतका बोलका कागद आपल्या मुलखाच्या इतिहासात माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही. म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो.

नीमा पारख काय मागतो? घर आणि वखार बांधण्यापुरती जागा, बिनभाड्याची. ही पहिली मागणी. आणि व्यापारी म्हटल्यावर ती अपेक्षितच. पण त्यापुढच्या मागण्या पाहा. आपल्याला आणि आपल्या जातीच्या ब्राह्मणांना घरात आपला धर्म निर्वेधपणे पाळता यावा. आपल्या आवारात कोणा ख्रिस्त्याने वा मुसलमानाने राहू नये आणि तेथे जीवहत्या करू नये. आपल्या रीतीप्रमाणे मृतांना अग्नी देता यावा, लग्नकार्ये करता यावीत. आपल्यापैकी कोणालाही, लहान असो मोठा असो, बळाने ख्रिस्ती करू नये, की कोणाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या डोक्यावर ओझे देऊ नये. शेवटची दोन कलमे एका दमात आली आहेत ती उगीच नव्हेत. पोर्तुगीज अमलाखाली पोरक्या मुलांना ख्रिस्ती करून घेण्याचे कायदे होते, आणि वेठ तर सगळ्याच अमलांत होती. दीवचा मनुष्य दोन्ही ओळखून होता.

मग पहाऱ्याच्या कामातून सूट. सरकारने किंवा कोणा अंमलदाराने आपल्याकडून जबरीने कर्ज काढू नये, ही हमी. पूर्वसूचना दिल्यावाचून चारचौघांत अटक होऊ नये. लढाईचा प्रसंग आला तर किल्ल्यात एक वखार मिळावी, म्हणजे माल, पैसा आणि बायकामुले तेथे सुरक्षित राहतील. आणि यानंतरचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. गव्हर्नराकडे आपल्याला आणि आपल्या घरच्यांना येण्याजाण्याची मोकळीक असावी, गेल्यावर सभ्यपणाने वागवावे आणि ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे बसावयास जागा द्यावी. घोडागाडी, पालखी, छत्री वापरण्यास आडकाठी नसावी. नोकरांना शस्त्र बाळगता यावे.

बसावयास जागा द्यावी! श्रोतेहो, सात समुद्रांवर हुकमत गाजवू पाहणाऱ्या कंपनीशी एक बनिया करार करतो आहे, आणि त्यात खुर्चीचे कलम घालतो आहे. मी येईन, पण उभा राहणार नाही.

कंपनीच्या अधिकाऱ्यांचे उत्तरही वाचनीय आहे. जागेची मागणी मान्य करण्यास हरकत नाही, कारण बाहेरून येणाऱ्या बनियांना आम्ही रोज तेच करतो. धर्माची मोकळीक येथे सगळ्यांनाच आहे. बनिये आपले मृत जाळतात, त्यांना कोणी हटकत नाही. पहाऱ्याचे काम बनिया-ब्राह्मणांवर नाहीच. मात्र ज्याने वाडी-आगर विकत घेतले असेल त्याने संकटाची वर्दी येताच एक बंदूकवाला पाठवावयाचा, आणि ज्याला जमीन नाही त्याला काहीच लागू नाही. हे शेवटचे कलम ध्यानात ठेवावे. जमिनीबरोबर एक बंदूकवाला येतो. म्हणजे बेटाची मालमत्ता घेतलीस तर बेटाचे संकटही तुझेच.

या सगळ्या कागदात नीमा पारखाने अमुक रुपये आणावेत असा आकडा नाही. तो काय आणणार हे दोन्ही पक्षांना न सांगता कळत होते. त्याची हुंडी दूरदूरच्या पेठांत चालत असणार, त्याच्यामागून आडते आणि कारागीर येणार, आणि तो आला हे ऐकून आणखी दहा घरे येणार. कंपनीला पैसा हवा होता, यात संशय नाही. पण पैसा माणसाला चिकटलेला होता. माणूस आल्यावाचून पैसा येत नव्हता. ऑन्जिअर त्याच वर्षी सुरतेस वारला. पोर्तुगिजांच्या वेळी जेथे दहा हजार वस्ती होती तेथे फ्रायर या इंग्रज वैद्याने त्या सुमारास साठ हजारांचा अंदाज बांधला आहे. अंदाज सैल धरला तरी बेट कोणत्या दिशेने चालले होते ते दिसते. पुढे १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आले, त्यांच्यापाशी तर भांडवल नव्हते, जहाजे बांधण्याची विद्या होती. ती भांडवलाहून महाग ठरली.

हा काही मुंबईचाच शोध नव्हे. इटलीत टस्कनीच्या ग्रँड ड्यूक फर्डिनांड याने १५९१ आणि १५९३ साली लिव्होर्नो बंदरासाठी असेच जाहीरनामे काढले. लिव्होर्नोही दलदलीतले, हिवतापाने पछाडलेले गाव. ज्यू, ग्रीक, तुर्क, आर्मेनियन, इराणी, कोणीही व्यापारी असो, त्याने यावे. धर्मन्यायालयाचा ससेमिरा लावणार नाही, मागचे कर्ज आणि बरेचसे मागचे गुन्हेही विचारणार नाही. पंचवीस वर्षांची मुदत, आणि ती मोडावयाची तर पाच वर्षे आधी सूचना. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. तिची आठवण पुढे पुन्हा येणार आहे. व्हेनिसची रीत त्याहून जुनी आणि त्याहून कडक. तेथे परक्याला शहरात व्यापाराचा हक्क हवा तर पंधरा वर्षे राहावे, समुद्रापारच्या व्यापारात व्हेनिसकर म्हणून उतरावयाचे तर पंचवीस वर्षे राहावे, आणि तेवढी वर्षे शहराचे कर भरावेत. किंमत होतीच, ती वर्षांत मोजून घेत.

आता काळाची मोठी उडी मारावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशांची दारे बंद होऊ लागली, आणि पैशाचा अर्थ बदलला. पूर्वी दार उघडेच होते, आत येणाऱ्याला अधिक सवलत म्हणून पैसा उपयोगी पडे. आता दार बंद, आणि पैसा ही किल्ली.

याचा पहिला स्वच्छ नमुना अमेरिकेत सापडतो. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांस बंदी करणारा कायदा केला. चीनशी झालेल्या तहामुळे व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक आणि प्रवासी यांना मात्र सूट होती. मजूर नको, व्यापारी चालेल! तेव्हा व्यापारी कोणाला म्हणावयाचे हा प्रश्न आला. १८९३ च्या दुरुस्तीने उत्तर दिले: ज्याचे ठरावीक ठिकाणी दुकान आहे, जे त्याच्या नावाने चालते, आणि धंद्याला अवश्य असेल तेवढे सोडून जो हाताने काम करीत नाही, तो व्यापारी. परत येताना हे शाबीत करावयास दोन साक्षीदार हवेत, आणि ते चिनी नसावेत. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी दुकानदाराची अब्रू शेजारचा गोरा दूधवाला किंवा टपालवाला सांगणार.

परिणाम काय झाला? धुलाईवाल्याला आणि खानावळीतल्या आचाऱ्याला बायकोमुले आणता येत नव्हती. व्यापाऱ्याला येत होती, आणि १९०० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मग चार पैसे साठवून लोक एखाद्या दुकानात भागीदार होऊ लागले. दुकान एक, भागीदार दहा-पंधरा. त्यांतले कित्येक नुसते कागदावरचे. १९१५ साली एका निकालाने मोठ्या खानावळीच्या मालकालाही व्यापाऱ्याचा दर्जा मिळाला, तेव्हा नातलगांनी भांडवल गोळा करून चांगल्यापैकी उपाहारगृहे काढावी, आणि वर्ष-दीड वर्ष एकाने, मग दुसऱ्याने व्यवस्थापक व्हावे, म्हणजे पाळीपाळीने प्रत्येकाचा परवाना निघेल, अशी युक्ती रूढ झाली. अमेरिकेतल्या गावोगावच्या चिनी उपाहारगृहांची वाढ या कायद्याच्या फटीतून झाली आहे. हसू येते, पण त्या फटीतून एखाद्याची दहा वर्षे न भेटलेली बायको घरी येत होती, हे कळले म्हणजे हसू मावळते. हा कायदा १९४३ साली रद्द झाला.

आणि येथे एक फरक दिसतो. नीमा पारखाने आपण व्यापारी आहोत हे कोणाला पटवून दिले नाही. या माणसांना ते सिद्ध करावे लागत होते, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

पैसा दिला पण माणूस गेलाच नाही, असे झाले तर? तोही खटला इतिहासात झालेला आहे. फ्रीड्रिश नोटेबोम हा हांबुर्गचा जर्मन १९०५ पासून मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालात धंदा करून राहिलेला. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटले. ऑक्टोबरात त्याने लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या तटस्थ संस्थानाचे नागरिकत्व मागितले. तेथे तीन वर्षे राहण्याचा नियम होता, तो त्याला माफ झाला. माउरेन गावाला २५ हजार स्विस फ्रँक, सरकारला साडेबारा हजार, शिवाय दरसाल एक हजार कर, एवढ्यात काही दिवसांत तो लिख्टेनश्टाइनचा झाला, आणि परत ग्वाटेमालाला गेला. १९४३ साली ग्वाटेमालाने त्याला शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून पकडून अमेरिकनांच्या हवाली केले. पुढे त्याची मालमत्ताही जप्त झाली. लिख्टेनश्टाइनने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १९५५ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने बहुमताने सांगितले की, या मनुष्याचा त्या देशाशी खराखुरा संबंध नाही. तेव्हा त्याच्या वतीने भांडण्याचा लिख्टेनश्टाइनचा हक्क ग्वाटेमालावर बंधनकारक नाही. नागरिकत्वाच्या मोबदल्यात पैसे चोख पोचले होते. पण माणूस तेथे राहिला नव्हता. या निकालावर कायदेपंडितांनी पुष्कळ टीका केली, आणि ती सर्वस्वी गैर नाही. इतके असूनही हा निकाल मनातून जात नाही.

यानंतरचा आधुनिक बाजार मी भरभर सांगतो. १९८३ साली स्वतंत्र झालेल्या सेंट किट्स आणि नेव्हिस या कॅरिबियन बेटांनी १९८४ च्या कायद्यातच गुंतवणुकीवर नागरिकत्वाची तरतूद करून ठेवली. तेथला साखरेचा धंदा २००५ साली बंद पडल्यावर त्या तरतुदीवरच राज्याचा मोठा भार आला. उसाऐवजी पासपोर्ट! आपल्याकडच्या साखरपट्ट्यातील मंडळींनी यावर विचार करावा. पोर्तुगालने २०१२ साली योजना काढली: पाच लाख युरोचे घर घ्या आणि राहण्याचा परवाना न्या. तो टिकवावयास वर्षाकाठी सरासरी किती दिवस तेथे राहावे? सात. रहिवासाचा परवाना, आणि रहिवास सात दिवसांचा. लिस्बनमध्ये घरांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या तेव्हा, २०२३ साली, घरखरेदीची वाट बंद झाली. ब्रिटनने आपली योजना २०२२ च्या फेब्रुवारीत मिटली, स्पेनने २०२५ च्या एप्रिलमध्ये. आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेस युरोपीय न्यायालयाने माल्टाची पैशावर नागरिकत्व देण्याची योजना बेकायदा ठरविली.

यांतली कॅनडाची हकीगत मात्र थांबून ऐकण्यासारखी आहे. १९८६ साली कॅनडाने गुंतवणूकदारांसाठी स्वतंत्र दार उघडले. हाँगकाँग चीनला परत जाणार हे १९८४ साली ठरले होते आणि १९८९ साली पेकिंगच्या चौकात रणगाडे फिरले. तेव्हा या दारावर केवढी गर्दी झाली असेल याची कल्पना यावी. पुढे अट अशी झाली की सरकारला आठ लाख डॉलर पाच वर्षे बिनव्याजी कर्जाऊ द्यावे. २०१४ साली सरकारने हिशेब मांडला. वीस वर्षांच्या कालावधीत हा श्रीमंत मनुष्य कुशल कारागिराच्या मानाने सुमारे दोन लाख डॉलर कमी प्राप्तिकर भरतो; आणि घरी राहून म्हाताऱ्याकोताऱ्यांची शुश्रूषा करावयास परदेशातून आलेल्या बाईच्या मानानेही सुमारे एक लाख डॉलर कमी! पैसा कॅनडात, धंदा आणि मिळकत मायदेशी, अशी ही विभागणी होती. सरकारने योजना बंद केली, आणि साठ हजारांहून अधिक माणसांचे पडून असलेले अर्ज एका फटक्यात रद्द करून फी परत पाठविली. लोक न्यायालयात गेले, तेथे हरले. लिव्होर्नोच्या ड्यूकने पाच वर्षांची सूचना कबूल केली होती, हे येथे आठवावे.

आता आपल्या स्नेह्यांच्या नातीकडे वळू. तिला जी वाट दाखविली गेली ती अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यातली. दहा लाख डॉलर, किंवा खेड्यात वा बेकारीच्या मुलखात पाच लाख, उद्योगात घालावे; त्यातून दहा माणसांना पुऱ्या वेळेचे काम मिळावे; मग दोन वर्षे सशर्त परवाना, आणि दहा नोकऱ्या दिसल्या की कायमचा. वर्षाला सुमारे दहा हजार परवाने, त्यांत बायकोमुले धरून. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नीमा पारखच असावा, म्हणजे कारखाना काढणारा, गावात वसणारा उद्योजक. पण १९९२ साली त्यांनी स्वतःच एक पळवाट जोडली: स्वतः धंदा न करता मान्य मध्यस्थ केंद्रात पैसे घातले तरी चालेल, आणि अप्रत्यक्ष नोकऱ्याही मोजल्या जातील. २००८ साली बँका बुडाल्या, कर्ज महाग झाले, आणि इमारती बांधणाऱ्यांच्या ध्यानात आले की परवान्यासाठी आतुर झालेला परदेशी माणूस जवळजवळ व्याज मागतच नाही. न्यूयॉर्कच्या हडसन यार्ड्समधील उंच मनोऱ्यांत असा एक अब्जाहून अधिक डॉलर पैसा गेला. 'बेकारीचा मुलूख' दाखविण्यासाठी नकाशावरचा पट्टा थेट हार्लेमपर्यंत ओढला होता. २०१४ साली वार्षिक कोटा प्रथमच संपला, आणि बहुतेक परवाने चिनी लोकांना गेले.

आणि व्हरमाँट राज्यातील ती गोष्ट. तेथे बर्फावरच्या खेळांच्या एका गिरिस्थानाभोवती हॉटेले आणि न्यूपोर्ट गावात जीवशास्त्राचे एक केंद्र उभारू, म्हणून ७४ देशांतल्या लोकांकडून साडेतीन कोटींच्या दसपट, म्हणजे ३५ कोटी डॉलरांहून अधिक जमविले. २०१६ च्या एप्रिलमध्ये सरकारी यंत्रणेने त्यातील फार मोठ्या रकमेचा अपहार झाल्याचा आरोप ठेवला. पुढे चालकांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्यांना शिक्षा झाल्या. न्यूपोर्टच्या भर बाजारातली जुनी घरे पाडली होती, तेथे वर्षानुवर्षे नुसता खड्डा राहिला. ज्यांचे पैसे गेले त्यांचे परवानेही टांगणीस लागले, कारण इमारत नाही तर नोकऱ्या नाहीत, आणि नोकऱ्या नाहीत तर रहिवास नाही. फसविणारा तिसराच, आणि शिक्षा मात्र फसलेल्याला.

२०२२ च्या दुरुस्तीने रकमा आठ लाख आणि साडेदहा लाख केल्या, तपासणी कडक केली, खेड्यांतल्या उद्योगांसाठी वेगळे परवाने राखून ठेवले. २०२५ च्या सप्टेंबरात अध्यक्षांनी हुकूम काढून आणखी एक दार उघडले: सरकारला दहा लाख डॉलर देणगी द्या. येथे उद्योगाचे आणि दहा नोकऱ्यांचे सोंगही उरले नाही. एका अर्थी हे प्रामाणिक म्हणावे.

आपल्याकडेही २०१६ साली मंत्रिमंडळाने परकी गुंतवणूकदारांसाठी दीर्घ मुदतीच्या रहिवासाची योजना मंजूर केली. दीड वर्षात दहा कोटी किंवा तीन वर्षांत पंचवीस कोटी रुपये आणावे, दरसाल निदान वीस भारतीयांना काम द्यावे, आणि दहा वर्षे राहावे. दीवच्या नीमा पारखाला मुंबईने जे दिले त्याच्याशी ताडून पाहावयाचे तर वीस माणसांची अट मला बरी वाटते. अग्नी देण्याच्या आणि बसावयास जागा देण्याच्या अटी आता राज्यघटनेने सगळ्यांसाठीच करून ठेवल्या आहेत.

स्नेह्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला, लाज वाटण्यासारखे काही आहे काय याला, मी सरळ उत्तर दिले. तुमच्या पदरी लाज नाही, असे मी म्हणालो. नात तेथे सोळा वर्षे राहिली आहे; व्हेनिसमध्ये असती तर एव्हाना शहरात व्यापाराचा हक्क मिळाला असता. जिच्यापाशी रहिवास आहे तिच्याकडे पैसा मागतात, आणि ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला सात दिवसांच्या रहिवासावर सोडतात. लाज असेल तर ती या हिशेबात आहे. ते यावर काही बोलले नाहीत. पाटबंधाऱ्यातला माणूस, त्याला अडचण कोठे आहे एवढेच पाहण्याची सवय.

अडचणी दोन होत्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठविता येतात. तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने निम्मे मार्चअखेरीस आणि निम्मे एप्रिलच्या आरंभी, म्हणजे दोन वर्षांच्या हिशेबात, असे पाठवावयाचे ठरविले. दुसरी अडचण कागदांची. हा पैसा न्यायमार्गाने आला हे अमेरिकन सरकारला एकेक पायरी दाखवून पटवावे लागते. पैसा आला जमीन विकून. जमीन आली कोठून? वडिलांकडून. वडिलांकडे? आजोबांकडून. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो तेव्हा टेबलावर खरेदीखत, प्राप्तिकराची विवरणपत्रे, वारसनोंदीचा फेरफार आणि सातबाराचा उतारा मांडून ते बसले होते. पैकी जुना फेरफार मोडीत होता. इंग्रजी भाषांतर करणाऱ्याला मोडी येईना, म्हणून त्यांनी मला बोलावले होते. मी चष्मा काढला, पुसला, आणि त्यांच्या आजोबांच्या नावापुढे सर्व्हे नंबर, आकार आणि बांधावरच्या चार आंब्यांची नोंद आहे ती वाचून दाखविली. ती त्यांच्या सुनेने तिकडे पाठविण्यासाठी उतरून घेतली. आंब्यांना इंग्रजीत काय लिहावे, फळझाडे की उत्पन्नाचे साधन, एवढ्यावर आमचा बराच वेळ गेला.